शासकीय आरोग्य विमा आणि ग्रामीण रुग्णालयांचे अर्थकारण

रुग्णालयाला शासनाकडून पैसा दोन मार्गांनी मिळू शकतो. पहिला मार्ग अर्थसंकल्पाचा. इमारत, खाटा, डॉक्टरांची व परिचारिकांची वेतने, औषधे यांसाठी वर्षाच्या आरंभीच तरतूद केली जाते. रुग्ण आले काय किंवा न आले काय, वेतन ठरलेल्या दिवशी निघते. दुसरा मार्ग विम्याचा. येथे पैसा इमारतीला मिळत नाही, रुग्णासोबत येतो. रुग्ण दाखल झाला, त्याच्यावर ठरलेला उपचार झाला, कागदपत्रे तपासली गेली, की ठरलेली रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पहिल्या मार्गाला पुरवठा बाजूचे वित्तपुरवठा धोरण आणि दुसऱ्याला मागणी बाजूचे वित्तपुरवठा धोरण म्हणतात. गेल्या दोन दशकांत भारतातील शासकीय आरोग्य खर्चाचा एक भाग दुसऱ्या मार्गाकडे वळला आहे. या बदलाचा शहरी रुग्णाला झालेला लाभ बराच चर्चिला गेला. परंतु तालुक्याच्या ठिकाणी वीस-पंचवीस खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्या डॉक्टरच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या हिशेबात त्याने काय घडविले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ ही सहावी नोंद आहे. त्यामुळे केंद्राची कोणतीही आरोग्य विमा योजना राज्यांच्या सहभागावाचून उभी राहू शकत नाही. पुढील विवेचनात राज्याराज्यांतील फरक वारंवार येतो, त्याचे मूळ येथे आहे.

पूर्वपीठिका

१९४६ च्या भोर समितीने विम्याचा नव्हे, तर करांतून चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच रुजली. विम्याचे छत्र मिळाले ते संघटित क्षेत्राला: १९४८ च्या कायद्यान्वये कर्मचारी राज्य विमा योजना आणि १९५४ मध्ये केंद्र सरकार आरोग्य योजना. शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांना यांपैकी काहीच लागू नव्हते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन उपचारांची हमी देण्याचा प्रयोग केला. परंतु अशा प्रयोगांची व्याप्ती त्या त्या संस्थेच्या परिसरापुरती होती.

२००३ मध्ये केंद्राने सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आणली. व्यक्तीसाठी दिवसाला एक रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये हप्ता आणि ३० हजार रुपयांचे संरक्षण. यात रुग्णाने आधी खर्च करावयाचा आणि नंतर प्रतिपूर्ती मागावयाची, अशी सर्वसाधारण पद्धत होती. ज्याच्याजवळ खर्च करण्यास पैसा नाही, त्याला प्रतिपूर्तीचा उपयोग तो काय? त्याच सुमारास कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ योजना सुरू झाली. आरंभी माणशी वर्षाला ६० रुपये वर्गणी घेऊन शस्त्रक्रियांचा खर्च रोकडरहित पद्धतीने भागविला जाई. २०१८ मध्ये ही योजना राज्याच्या एकत्रित योजनेत विलीन झाली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे सुरू करण्यात आली. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कर्करोग यांवरील महागडे उपचार हा तिचा गाभा. असे उपचार मोठ्या शहरांतच होत असल्याने तिचा पैसाही प्रामुख्याने मोठ्या शहरांतील खाजगी रुग्णालयांकडे गेला.

ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने खरा बदल २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने घडविला. दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण, नोंदणी शुल्क अवघे ३० रुपये, वयाची अट नाही, आणि ओळखीसाठी बोटांचे ठसे साठविलेले स्मार्ट कार्ड. हप्त्याचा भार केंद्र व राज्य ७५ : २५ या प्रमाणात उचलत. प्रत्येक दाखल होण्यामागे १०० रुपये आणि वर्षाला कमाल एक हजार रुपये प्रवास खर्चही मिळे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही योजना दुय्यम स्तरावरील साध्या उपचारांसाठी होती: हर्निया, अपेंडिक्स, प्रसूती, ताप, अतिसार. हे उपचार तालुक्याच्या रुग्णालयात होऊ शकतात, त्यामुळे पैसाही तेथे पोहोचू शकत होता. मात्र दर तुटपुंजे होते. शस्त्रक्रियेविना सर्वसाधारण कक्षात ठेवलेल्या रुग्णासाठी दिवसाला ५०० रुपये आणि त्यातच खाट, जेवण, औषधे, तपासण्या व डॉक्टरचे शुल्क.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा शुभारंभ झाला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेच्या आधारे निवडलेली १०.७४ कोटी कुटुंबे, कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण, कुटुंबातील सदस्यसंख्येवर मर्यादा नाही. खर्चाची वाटणी ६० : ४०, ईशान्य व हिमालयीन राज्यांसाठी ९० : १०. २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, योजनेत समाविष्ट करण्यात आले.

परीक्षार्थींनी तीन प्रारूपांतील भेद ध्यानात ठेवावा. विमा प्रारूपात शासन कंपनीला हप्ता देते व दाव्यांची जोखीम कंपनी वाहते. न्यास किंवा हमी प्रारूपात शासनाची संस्था स्वतःच दावे भागविते. मिश्र प्रारूपात दोहोंची विभागणी असते. २०२० मध्ये महाराष्ट्राची योजना केंद्राच्या योजनेशी जोडली गेली तेव्हा दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च विमा कंपनीने आणि त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा खर्च राज्याच्या संस्थेने हमी तत्त्वावर भागवावा, अशी रचना होती.

दाव्याचा प्रवास

प्रारूप कोणतेही असो, रुग्णालयाच्या दृष्टीने प्रवास सारखाच. प्रथम रुग्णालय योजनेत अंगीकृत व्हावे लागते. केंद्राच्या योजनेत त्यासाठी किमान दहा आंतररुग्ण खाटा आणि चोवीस तास वैद्यकीय व परिचर्या सेवा ही मूलभूत अट आहे. पाच-सहा खाटांची प्रसूतिगृहे येथेच गळतात, आणि डोंगरी तालुक्यात अनेकदा तेवढेच एक प्रसूतिगृह असते. रुग्ण आल्यावर आरोग्यमित्र त्याची ओळख पटवितो. नियोजित उपचारास बहुधा पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यासाठी तपासणी अहवाल व छायाचित्रे संगणकावर चढवावी लागतात. उपचार, घरी सोडणे, आणि मग दावा. उपचाराचा दर ‘पॅकेज’ स्वरूपात ठरलेला असतो. केंद्राच्या योजनेत त्यात दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधेही मोडतात. राज्यातल्या राज्यात दावा दाखल झाल्यापासून १५ दिवसांत आणि परराज्यातील रुग्णाचा दावा ३० दिवसांत निकाली निघावा, असा नियम आहे.

हा पंधरा दिवसांचा नियम वरवर प्रशासकीय वाटतो. लहान रुग्णालयाचे जगणे मात्र त्यावर अवलंबून असते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वीस खाटांचे एक खाजगी रुग्णालय महिन्याला योजनेचे ४० रुग्ण घेते आणि सरासरी दावा १२ हजार रुपयांचा आहे, असे समजू. महिन्याचे योजनेतील उत्पन्न ४ लाख ८० हजार रुपये. दावे १५ दिवसांत मिळाले, तर कोणत्याही क्षणी सुमारे २ लाख ४० हजार रुपये अडकलेले असतील. तेच ९० दिवसांनी मिळू लागले, तर अडकलेली रक्कम १४ लाख ४० हजारांवर जाते. परिचारिकांचे वेतन, औषध विक्रेत्याची देणी, विजेचे देयक यांना थांबता येत नाही; म्हणून ही रक्कम वर्षाला १२ टक्के व्याजाने उचलावी लागली, तर महिन्याला १४ हजार ४०० रुपये व्याजापायी जातात, म्हणजे उत्पन्नाचे तीन टक्के. मोठ्या शहरातील तीनशे खाटांचे रुग्णालय योजनेबाहेरील रुग्णांच्या पैशावर हा काळ निभावून नेते. तालुक्यात योजनेबाहेरचा, रोख पैसे मोजणारा रुग्ण मुळातच थोडा. ज्या भागात विम्याची गरज सर्वाधिक, त्याच भागात विलंबाची झळ सर्वाधिक, असा हा विरोधाभास आहे.

विलंब केवळ कल्पनेतला नाही. थकबाकीच्या कारणावरून २०२४ मध्ये पंजाबात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात खाजगी रुग्णालयांनी योजनेतील सेवा थांबविण्याचा पवित्रा घेतला होता. दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दावे तपासल्याविना मंजूर करणे धोक्याचे असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. तो क्रमांक म्हणजे नऊचा आकडा दहा वेळा. तपासणी कडक झाली की प्रामाणिक लहान रुग्णालयाचा दावाही रांगेत अडकतो, आणि प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमणे त्याला परवडत नाही. बहुधा रात्री रुग्ण तपासून झाल्यावर डॉक्टर स्वतःच संगणकापुढे बसतो.

दरांचे गणित

दर ठरविताना शासनापुढे पेच असतो. दर उंच ठेवले तर खर्च वाढतो. खाली ठेवले तर चांगली रुग्णालये बाहेर राहतात. केंद्राच्या योजनेत २०१८ मध्ये सर्वसाधारण कक्षाचा दैनिक दर १,८०० रुपये होता, म्हणजे २००८ च्या योजनेच्या साडेतीन पटींहून अधिक. गुणवत्ता मानांकन मिळविलेल्या, पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या आणि आकांक्षित जिल्ह्यांतील रुग्णालयांना वाढीव दर देण्याची तरतूदही करण्यात आली. आकांक्षित जिल्ह्यांसाठी ही वाढ १० टक्के होती. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात देशातील ११२ जिल्हे आले. महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व गडचिरोली हे त्यांपैकी चार.

मागास भागातील रुग्णालयाला अधिक दर देण्याचे तत्त्व स्वागतार्ह आहे. पण मघाच्या उदाहरणात ४ लाख ८० हजारांवर १० टक्के म्हणजे महिन्याला ४८ हजार रुपये. त्यातील १४ हजार ४०० रुपये नव्वद दिवसांच्या विलंबाने आधीच नेले. शासनाने एका हाताने दिलेल्या प्रोत्साहनातील जवळजवळ तिसरा हिस्सा विलंब दुसऱ्या हाताने काढून घेतो. शिवाय २०२२ च्या सुधारित दरपत्रकात शहराच्या श्रेणीनुसार भिन्न दरांची सोय करण्यात आली. महानगरात जागा व मनुष्यबळ महाग, हा त्यामागचा तर्क. तो अर्धाच खरा आहे. जागा शहरात महाग असते. तज्ज्ञ डॉक्टर मात्र दुर्गम भागात अधिक महाग पडतो. तालुक्यात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसतो, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणाहून प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी बोलवावे लागते, आणि त्याचे जाणे-येणे व अर्धा दिवस यांचे मोल त्याच पॅकेजमधून चुकवावे लागते.

गुजरातचा चिरंजीवी प्रयोग

पैसा किती द्यावा याइतकेच तो कोणत्या रीतीने द्यावा, हे महत्त्वाचे असते. याचे उत्तम उदाहरण गुजरातच्या चिरंजीवी योजनेत सापडते. ती रूढ अर्थाने विमा नव्हे. परंतु शासनाने ग्रामीण भागातील खाजगी डॉक्टरांची सेवा गरिबांसाठी विकत घेण्याचा तो मोठा प्रयत्न होता. २००५ च्या अखेरीस बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल आणि साबरकांठा या पाच जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला व २००७ मध्ये ती राज्यभर नेण्यात आली. या जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांत प्रसूतितज्ज्ञ मिळत नव्हते; लहान शहरांत खाजगी प्रसूतितज्ज्ञ मात्र होते.

शासनाने त्यांच्याशी करार केला: गरीब स्त्रियांच्या १०० प्रसूतींसाठी १ लाख ७९ हजार ५०० रुपये, म्हणजे प्रसूतीमागे १,७९५ रुपये. प्रसूती नैसर्गिक असो, शस्त्रक्रियेने असो वा गुंतागुंतीची असो, दर एकच. शंभरांत किती शस्त्रक्रिया लागतील, किती गुंतागुंती होतील, याचा अंदाज धरून सरासरी काढलेली होती. यात मातेला द्यावयाचे प्रवासाचे २०० रुपये आणि तिच्यासोबत येणाऱ्या व्यक्तीचे ५० रुपयेही होते. प्रत्येक शस्त्रक्रियेला वेगळे पैसे मिळत असते, तर सिझेरियनचे प्रमाण वाढले असते. एकच दर असल्यामुळे विनाकारण शस्त्रक्रिया करण्यात डॉक्टरचाच तोटा होता. ही रचना खरोखरच चतुर होती.

मात्र प्रत्येक देयक पद्धतीला तिची सावली असते. शस्त्रक्रियेत तोटा आहे म्हटल्यावर, अवघड दिसणारी बाळंतीण जिल्हा रुग्णालयाकडे पाठविण्याचा मोह निर्माण होतो. खर्च वाढत गेला तसा दरही सुधारावा लागला, आणि तो अपुरा वाटणारे डॉक्टर योजनेतून बाहेर पडले. आरंभीच्या अहवालांत योजनेचे मोठे कौतुक झाले. पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने योजना लागू असलेल्या व नसलेल्या क्षेत्रांतील बदलांची तुलना केली, तेव्हा संस्थात्मक प्रसूतींच्या प्रमाणात योजनेमुळे लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही. त्या काळात संस्थात्मक प्रसूती सर्वत्रच वाढत होत्या. योजनेचे श्रेय आणि काळाचे श्रेय वेगळे करणे, हे धोरण मूल्यमापनातील अवघड काम आहे.

उलट प्रकारच्या रचनेचा धोका राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात छत्तीसगड व बिहारमध्ये दिसला. तेथे शस्त्रक्रियेगणिक पैसे मिळत. गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याच्या तक्रारी २०१२ च्या सुमारास पुढे आल्या. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशा शस्त्रक्रियांसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निर्देश दिले. ज्या स्त्रीला तिशीतच गर्भाशय गमवावे लागते, तिच्या दृष्टीने ही केवळ हिशेबाची चूक नसते.

सरकारी रुग्णालयाच्या खात्यातील पैसा

सरकारी रुग्णालयेही या योजनांत दावे करू शकतात, हे अनेकदा विसरले जाते. वेतन व इमारत अर्थसंकल्पातून आलेलीच असते; त्यामुळे दाव्याची रक्कम ही त्यांच्या दृष्टीने वरकड असते. ती रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जमा झाली, तर औषधे, उपकरणांची दुरुस्ती, कंत्राटी कर्मचारी यांसाठी वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीची वाट न पाहता वापरता येते. बिघडलेल्या क्ष-किरण यंत्रासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार केलेल्या वैद्यकीय अधीक्षकाला या स्वातंत्र्याचे मोल सांगावे लागत नाही. काही राज्यांनी दाव्याच्या रकमेतील ठराविक हिस्सा उपचार करणाऱ्या पथकाला प्रोत्साहन म्हणून देण्याची सोय केली. कर्नाटकाने २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: तातडीचे उपचार वगळता रुग्णाने प्रथम सरकारी रुग्णालयात जावे आणि तेथे सोय नसेल तरच खाजगी रुग्णालयाकडे पाठविले जावे, असा नियम केला. रुग्णाची एक फेरी वाढली, परंतु दाव्यांचा ओघ सरकारी रुग्णालयांकडे वळण्यास त्याने मदत झाली. देशपातळीवर मात्र दाव्यांच्या रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा खाजगी रुग्णालयांचाच राहिला आहे.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात ८० हजार लोकसंख्येमागे ३० खाटांचे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, भिषक आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ अपेक्षित असतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के, प्रसूतितज्ज्ञांची ७४.२ टक्के, भिषकांची ७९.१ टक्के आणि बालरोगतज्ज्ञांची ८१.६ टक्के कमतरता होती. शल्यचिकित्सक नाही म्हणून शस्त्रक्रिया नाही. शस्त्रक्रिया नाही म्हणून दावा नाही. दावा नाही म्हणून समितीच्या खात्यात पैसा नाही. ज्या जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ आहेत तेथे पैसा येतो आणि सोयी वाढतात. ज्या केंद्रात कोणी नाही ते होते तेथेच राहते. विम्याचा पैसा चालत्या रुग्णालयाला बळ देतो; बंद पडलेली शस्त्रक्रियागृहे उघडण्याची शक्ती त्यात नाही. ते काम अर्थसंकल्पी तरतुदीचे आणि मनुष्यबळ धोरणाचे आहे. आणि केंद्राच्या योजनेतील देशव्यापी सुवाह्यतेमुळे रुग्ण कोणत्याही राज्यात जाऊ शकत असल्याने, मागास जिल्ह्याच्या नावे नोंदलेल्या कुटुंबाचा दावा महानगरात भरला जातो. रुग्णाला उपचार मिळतो, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि त्याच्या जिल्ह्यात एका खाटेचीही भर पडत नाही.

विम्याच्या बाहेरचा खर्च

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे १४ टक्के लोकांनाच कोणते ना कोणते आरोग्य खर्च संरक्षण होते. प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खाजगी रुग्णालयात २७,३४७ रुपये होता. तरीही दाखल होणाऱ्या ग्रामीण रुग्णांपैकी निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण खाजगी रुग्णालयांतच जात होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात शासकीय आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत बाह्यरुग्ण सेवा येत नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, खोकल्यासाठी चार वेळा मारलेली खेप यांचा खर्च दाव्यात बसत नाही, आणि गावातील सामान्य वैद्यकाचा बहुतांश दिवस याच रुग्णांत जातो. त्याच्यासाठी पॅकेज नाही, पूर्वमान्यता नाही, देयकही नाही. ही बाजू आयुष्मान भारत कार्यक्रमाच्या दुसऱ्या घटकाकडे सोपविली आहे: १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे पहिल्या आरोग्य व निरामयता केंद्राचे उद्घाटन झाले, आणि २०२३ मध्ये या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव देण्यात आले. त्यांचा खर्च दाव्यांतून नव्हे, तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या व राज्यांच्या तरतुदींतून, म्हणजे आरंभी सांगितलेल्या पहिल्याच मार्गाने भागविला जातो.